सर्टिफिकेट फोल्डरमध्ये आहे, पण सर्व्हर देतोय का?

प्रश्न : लातूरला आमची आडत आहे. तूर-सोयाबीनचे रोजचे भाव वेबसाइटवर टाकतो. ऑफिसच्या क्रोममध्ये साइट नीट उघडते, पण आमच्या अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये भाव येत नाहीत. लॉगमध्ये ‘ट्रस्ट अँकर फॉर सर्टिफिकेशन पाथ नॉट फाउंड’ असं दिसतं. अ‍ॅप बनवणारा मुलगा म्हणतो, सर्टिफिकेटची (साइट खरी असल्याच्या डिजिटल दाखल्याची) तपासणीच बंद करू.

उत्तर : आधी त्याला थांबवा. तपासणी बंद केली की मधे बसून कुणीही तुरीचा भाव बदलून दाखवेल आणि अ‍ॅपला पत्ताही लागणार नाही. असे ‘तात्पुरते’ बदल पुढे कुणी काढत नाही, हेही लक्षात घ्या.

दोष अ‍ॅपचा नाही, सर्व्हरचा आहे. तुमच्या सर्टिफिकेटवर थेट रूटची (फोन-ब्राउझर ज्यावर आधीच विश्वास ठेवतात त्या मूळ सर्टिफिकेटची) सही नसते. मधे इंटरमीजिएट, म्हणजे मधलं सर्टिफिकेट असतं. सर्व्हरने दोन्ही पाठवायची असतात, तुमचा बहुधा एकच पाठवतोय. क्रोम राहिलेलं मधलं सर्टिफिकेट स्वतः शोधून आणतो, म्हणून ऑफिसात सगळं आलबेल दिसतं. अ‍ॅप ती खटपट करत नाही.

सर्टबॉट (लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट सर्टिफिकेट आणणारा प्रोग्राम) असेल तर एनजिनएक्स या वेबसर्व्हरच्या सेटिंगमध्ये ‘सर्ट.पेम’च्या जागी ‘फुलचेन.पेम’ (दोन्ही सर्टिफिकेटं असलेली फाइल) द्या. सर्टिफिकेट विकतचं असेल तर एकाच फाइलमध्ये आधी तुमचं, त्याखाली इंटरमीजिएट जोडा. जोडताना एक गंमत होते : पहिल्या फाइलच्या शेवटी एंटर नसेल तर ‘एंड सर्टिफिकेट’ आणि ‘बिगिन सर्टिफिकेट’ या ओळी एकमेकींना चिकटतात आणि एनजिनएक्स ‘बॅड एंड लाइन’ म्हणून अडून बसतो. दोघींच्या मधे एंटर मारा, रिलोड करा. मग दुसऱ्या मशीनवरून ओपनएसएसएलच्या एस-क्लायंटने (सर्व्हर काय पाठवतो ते दाखवणाऱ्या कमांडने) बघा. आधी ‘व्हेरिफाय रिटर्न कोड’ २१ येत असेल, तर आता ०, म्हणजे सगळं ठीक, यायला हवा.

प्रश्न : सर्टबॉट म्हणतो नूतनीकरण झालं, ब्राउझर म्हणतो मुदत संपली. खरं कोण? (हिंगोली)

उत्तर : दोघंही. नवी फाइल डिस्कवर आली, पण एनजिनएक्स सुरू होताना वाचलेली जुनीच वाटतोय. रिलोड केलं की काम झालं. सर्टबॉट ‘सर्टओन्ली’ने (फक्त सर्टिफिकेट आणून ठेवणाऱ्या पर्यायाने) चालवत असाल तर रिलोड आपोआप होत नाही, तो ‘डिप्लॉय-हुक’मध्ये (नूतनीकरणानंतर चालणाऱ्या कमांडमध्ये) लिहून ठेवा. नाहीतर लेट्स एन्क्रिप्टची ९० दिवसांची मुदत संपली की हीच रड पुन्हा. मुदत संपत आल्याचे ईमेलही लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून बंद केलेत, तेव्हा त्या भरवशावर राहू नका.

प्रश्न : परभणीत आमचा सर्व्हर आहे. सुरक्षेसाठी पोर्ट ८० बंद केलं, तेव्हापासून नूतनीकरण फसतंय.

उत्तर : फसणारच. साइट तुमचीच आहे का हे लेट्स एन्क्रिप्ट बघतं, ती एचटीटीपी-०१ पडताळणी पोर्ट ८० वरच सुरू होते. ते उघडा आणि तिथून ४४३ वर (सुरक्षित एचटीटीपीएसच्या पोर्टवर) रीडायरेक्ट ठेवा. पडताळणी रीडायरेक्टमागे जाते.

उघडूनही अडलं तर डीएनएसमधली ‘क्वाड-ए’ (आयपीव्ही६ पत्त्याची) नोंद बघा. होस्टिंग बदलताना लोक ‘ए’ (आयपीव्ही४ पत्त्याची) नोंद बदलतात आणि जुन्या सर्व्हरचा आयपीव्ही६ पत्ता तसाच राहतो. लेट्स एन्क्रिप्ट आधी आयपीव्ही६ वर जातं. जुना सर्व्हर जिवंत असेल तर तो ४०४ देतो आणि तुम्ही इकडे फायरवॉल उकरत बसता. शोधाशोध चालू असताना स्टेजिंगवर (लेट्स एन्क्रिप्टच्या सरावाच्या सर्व्हरवर) चाचणी घ्या. खऱ्या सर्व्हरवर फसलेल्या पडताळण्यांना तासाला मर्यादा आहे.

प्रश्न : बीडजवळच्या आमच्या शाळेत लाइट जाऊन आली की लॅबमधल्या काही संगणकांवर सगळ्याच साइटना एरर येते.

उत्तर : सगळ्याच साइटना म्हटल्यावर सर्व्हरचा संबंध नाही. कोपऱ्यातलं घड्याळ बघा, तारीख मागे गेली असेल, म्हणून सर्टिफिकेटची मुदत अजून सुरूच झाली नाही असं संगणकाला वाटतं. मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेल बदला.

प्रश्न : जालन्यातल्या आमच्या बियाणे दुकानाच्या साइटसाठी वाइल्डकार्ड (एकाच सर्टिफिकेटमध्ये सगळे उप-पत्ते) घेतलं, तरी ‘टेस्ट.भाव’ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर नाव जुळत नाही.

उत्तर : वाइल्डकार्डमधला तारा (*) एकाच पायरीपुरता चालतो. ‘भाव’ला चालेल, त्याच्या आधीच्या ‘टेस्ट’ला नाही. ते नाव सर्टिफिकेटमध्ये वेगळं घाला.

प्रश्न : ही कटकटच नको, पाच वर्षांचं एकदम घेऊ का? (नांदेड)

उत्तर : मिळणार नाही. कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ अशी ठरलेली आहे. पाच वर्षांचे पैसे घेणारा विक्रेता वर्गणी विकतो. सर्टिफिकेट मधून मधून बदलावंच लागतं. ते हाताने करायचं की क्रॉनला (ठरल्या वेळी कामं आपोआप करणाऱ्या सोयीला) सांगायचं, एवढंच तुमच्या हातात.