आधी एकच ब्रोमोडोमेन नीट समजून घे
क्रोमॅटिनला, म्हणजे डीएनए आणि त्याच्यासोबतच्या प्रथिनांच्या गुंडाळीला, इतर प्रथिनं कशी चिकटतात हे शिकायचं असेल, तर सगळी डोमेन्स (प्रथिनांमधले ठरावीक काम करणारे भाग) एकदम पाठ करायला बसू नकोस. बीआरडी४ हे एकच प्रथिन घे. त्यात दोन ब्रोमोडोमेन आहेत. हिस्टोनच्या (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांच्या) शेपटीवरच्या लायसिन या अमिनो आम्लाला ॲसिटिल हा छोटा रासायनिक गट लागला की ते लायसिन ब्रोमोडोमेनच्या खोबणीत बसतं आणि तिथलं ॲस्परॅजिन हे अमिनो आम्ल त्याला हायड्रोजन बंधानं धरतं. ही पकड तशी ढिली, साधारण मायक्रोमोलर पातळीची. पण एच४ या हिस्टोनच्या पाचव्या आणि आठव्या अशा दोन्ही लायसिनवर ॲसिटिल असेल, तर पहिलं ब्रोमोडोमेन जास्त घट्ट धरतं. मला विचारशील तर या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच.

प्रयोगात तू जेक्यू१ वापरशीलच. २०१० साली आलेला हा रेणू तीच खोबण अडवतो आणि बीआरडी४ क्रोमॅटिनवरून सुटतं. मात्र बीआरडी२ आणि बीआरडी३ ही त्याची भावंडं प्रथिनंही सुटतात, हे ध्यानात असू दे. सोबत जेक्यू१चा निष्क्रिय आरसा-रेणू (आरशातल्या प्रतिमेसारखी रचना असलेला) तुलनेसाठी कंट्रोल म्हणून लावच, त्यात कंजुषी नको. जमलं तर पहिल्या ब्रोमोडोमेनच्या खोबणीतलं ते पकडणारं, १४०वं ॲस्परॅजिन बदलूनही बघ.

आणि चिप-सेकमध्ये (प्रथिन डीएनएवर कुठे बसलंय ते दाखवणाऱ्या चाचणीत) शिखर दिसलं म्हणून जनुकाचं नियमन सिद्ध झालं असं लिहू नकोस. त्यासाठी आरएनए मोजावा लागेल.