ऐंशीच्या दशकातल्या स्पेक्ट्रम आणि कमोडोर या घरगुती कॉम्प्युटरांचे चाहते, म्हणजे स्पेक्ट्रमवाले आणि कमोडोरवाले, इतके का भांडायचे? भारतात असं काही होतं का?

होतं. आमच्या इंदूरला, रामबागेत, दोन घरं सोडून राहणाऱ्या दोन मुलांत होतं. माझ्याकडे ४८के, म्हणजे ४८ किलोबाइट मेमरीचा, स्पेक्ट्रम, मित्राकडे कमोडोर ६४. दोन्ही इंग्लंडच्या नातेवाइकांच्या बॅगेतून आलेले. मी आजही स्पेक्ट्रमवाला आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं त्या हिशेबानं वाचता येईल.

दोन्ही मशीन १९८२ सालची, पण घडण उलटी. स्पेक्ट्रम बनवणाऱ्या क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी सगळा जोर किंमत खाली आणण्यावर लावला: ४८के मॉडेल १७५ पौंडांना, कळा रबराच्या, आणि चित्र हलवणं असो की आवाज काढणं, राबायचा एकटा झेड८० प्रोसेसर. कमोडोरची सुरुवातीची किंमत ५९५ डॉलर, पण त्यात चित्रासाठी वेगळी चिप, आवाजासाठी वेगळी. चित्राच्या चिपमध्ये ८ स्प्राइट, म्हणजे मागच्या चित्राला धक्का न लावता वर फिरणाऱ्या आकृत्या. आवाजाच्या 'सिड' चिपमध्ये एकाच वेळी ३ सूर.

त्यामुळे भांडण नुसतं 'माझं चांगलं की तुझं' एवढ्यावर राहत नसे. समोरच्याला गप्प करायचं तर त्याचं मशीन आतून माहीत असावं लागे. मी बढाई मारायचो की माझा प्रोसेसर साडेतीन मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला पस्तीस लाख ठोक्यांचा, तुझा जेमतेम एकचा. एके दिवशी तो वही घेऊनच आला. झेड८०ची सगळ्यात छोटी सूचनासुद्धा ४ ठोके घेते, कमोडोरच्या ६५१० प्रोसेसरच्या कितीतरी सूचना २ ते ४ ठोक्यांत उरकतात, हे त्यानं ओळीनं मांडून दाखवलं. साडेतीन पटींची माझी बढाई तिथेच संपली. प्रोसेसरचा ठोका म्हणजे काय हे मी त्या दुपारी शिकलो.

पण आधी टीव्हीचं सांगायला हवं. दोन्ही मशीन टीव्हीला यूएचएफ या वरच्या लहरींच्या पट्ट्यावर जोडायची, आणि आमचे जुने कृष्णधवल टीव्ही नुसते व्हीएचएफ या खालच्या पट्ट्याचे. त्यामुळे सगळा कारभार त्याच्याकडच्या कलर टीव्हीवर. कमोडोर लावला, चित्र झकास आलं, आवाज मात्र काहीच नाही. ज्या सिडचं तो महिनाभर कौतुक करत होता, ती मुकी! ब्रिटनच्या टीव्हीत चित्र आणि आवाज यांच्या लहरींत ६ मेगाहर्ट्झचं अंतर, आपल्याकडे साडेपाच, त्यामुळे आपल्या टीव्हीला तो आवाज सापडतच नव्हता. स्पेक्ट्रमचा भोंगा त्याच्या स्वतःच्या पोटात, त्याला टीव्हीशी देणंघेणं नाही. मी त्याला आठवडाभर छळलं. मग त्याचा उतरलेला चेहरा बघवेना. दोघं सायकलवर जेल रोडला गेलो, वायर आणि डिन प्लग, म्हणजे बऱ्याच पिनांचा गोल प्लग, आणला. कमोडोरच्या मागच्या सॉकेटमधल्या तिसऱ्या पिनेवर आवाज मिळतो, तो काकांच्या टू-इन-वनमध्ये, म्हणजे रेडिओ-टेपमध्ये, सोडला. पहिला सूर निघाला आणि त्या खोलीत कोणी बोलेना. काकूसुद्धा कणकेचे हात तसेच घेऊन दारात आल्या. रॉबर्ट यॅनेस नावाच्या इंजिनिअरनं ती चिप एखाद्या वाद्यासारखी घडवली होती, आणि ते ऐकताक्षणी कळत होतं.

खरी चुरस १९८७च्या गणपतीत झाली. ठरलं असं की दोघांनी आपापल्या मशीनवर गणपती काढायचा आणि आरतीच्या चालीसकट दाखवायचा. चित्र काढायला माझ्या मशीनची बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा फार सोयीची. सर्कल म्हटलं की वर्तुळ, झालं पोट. ड्रॉला तिसरा आकडा दिला की रेषा वाकते, सोंड मी त्यातूनच काढली. बिचाऱ्याच्या बेसिकमध्ये यातली एकही आज्ञा नाही. सगळं पोक करून, म्हणजे थेट मेमरीत आकडे भरभरून. एका स्प्राइटला ६३ आकडे!

पण स्पेक्ट्रमचं दुखणं रंगात. ८ बाय ८ ठिपक्यांच्या एका चौकटीत दोनच रंग बसतात. सोंडेशेजारी हिरव्या दूर्वा काढल्या की त्या चौकटीतली लाल सोंडही हिरवी होई. मी आलेख कागदावर ३२ बाय २४ चौकटी आखल्या आणि सगळा गणपती पुन्हा बसवला. सोंड तीन ठिपके डावीकडे घेतली, जुडी बरोबर चौकटीच्या रेषेवर आणली, तेव्हा कुठे दूर्वा हिरव्या आणि सोंड लाल राहिली. मित्रानं दूर्वांचा एक स्प्राइट केला आणि हव्या तिथे ठेवला. त्याच्या चित्राचे ठिपके मात्र जाडे, कारण जास्त रंग वापरायचे तर कमोडोरवर आडवे १६०च ठिपके मिळतात, माझ्याकडे २५६. चित्र माझं रेखीव होतं, हे तोही मान्य करतो. आरतीत त्यानं मला कुठल्या कुठे मागे टाकलं: दोन आवाजांत चाल आणि तिसऱ्यात झांजेसारखी खसखस. माझा भोंगा एकेक सूर वाजवत राहिला आणि तेवढा वेळ चित्र जागचं हललं नाही.

पुढे तो नोकरीला बडोद्याला गेला. भांडण आता फोनवर असतं. २०१२ मध्ये कमोडोर कंपनीचे संस्थापक जॅक ट्रॅमिएल वारले, तेव्हा फोन मी केला होता. १६ सप्टेंबर २०२१ला सिंक्लेअर गेले. गणपतीचेच दिवस होते. रात्री त्याचा फोन आला. म्हणाला, "तुझ्या घरचं माणूस गेलं रे." मग थोड्या वेळानं, "अजून चालतो का तुझा? लाव बघू."

फोन चालू ठेवून मी जुना टीव्ही, टेप आणि त्या गणपतीचा प्रोग्रॅम साठवलेली कॅसेट काढली. पहिल्या खेपेला एरर आली. स्क्रू-ड्रायव्हरनं टेपचं हेड जरासं फिरवलं आणि कॅसेट पुन्हा लावली. टीव्हीच्या कडेला निळे-पिवळे पट्टे धावायला लागले आणि कॅसेटवरून प्रोग्रॅम चढताना होणारी ती किंचाळी सुरू झाली. ती संपेपर्यंत आम्ही दोघंही काही न बोलता ऐकत होतो. मग पोट उमटलं, सोंड उमटली. "दूर्वा?" त्यानं विचारलं.

"हिरव्या," मी सांगितलं.