जुनी लेक्सस एलएस ४०० घ्यावी की होंडा एस२०००? जपानी गाडीला काही होत नाही हे खरं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पहिल्यांदाच जुनी जपानी गाडी घेताय, एलएस ४०० आणि एस२००० मध्ये अडकलात (एक लक्झरी सेडान, दुसरी उघड्या छताची दोन सीटची स्पोर्ट्स गाडी), मध्येच एक माझदाची आरएक्स-८ भलतीच स्वस्तात दिसतेय, रोज वापरता येईल का आणि मेंटेनन्सला किती लागेल. इथपर्यंत ठीक होतं. पण शेवटी तुम्ही लिहिलंत "तसंही जपानी गाडीला काही होत नाही म्हणतात" आणि तिथे माझं डोकं सटकलं, कारण हेच वाक्य मी अकरा वर्षांपूर्वी माझ्या साडूला छातीठोकपणे ऐकवलं होतं आणि त्याने ते मला आजपर्यंत विसरू दिलेलं नाही.

माझ्याकडे १९९३ ची एलएस ४०० आहे. मी तिसरा मालक. घेतली तेव्हाच ती वीस वर्षं ओलांडून गेली होती, पण बघाल तर खोटं वाटेल, सीटचं लेदर सोडलं तर सगळं जागच्या जागी. आणि इंजिन चालू आहे की बंद हे बघायला आरपीएमचा काटा बघावा लागायचा. विकणाऱ्या गृहस्थांनी बोनेट उघडून इंजिनच्या कव्हरवर एक नाणं उभं केलं, कडेवर, चालू इंजिनवर. ते उभंच राहिलं. संपलं, माझी सगळी अक्कल तिथेच गहाण पडली, पुढे मी काही विचारलंच नाही. १९८९ मध्ये टोयोटाने लेक्सस या आपल्या लक्झरी ब्रँडखाली हीच गाडी आणली तेव्हा बोनेटवर शॅम्पेनच्या ग्लासांचा मनोरा रचून इंजिन पळवून दाखवायची जाहिरात केली होती, ती ज्यांनी बघितलीय त्यांना कळेल मी काय म्हणतोय. त्या जाहिरातीने गाडी किती विकली माहीत नाही, पण माझ्यासारख्यांना सर्व्हिसची फाइल मागायचं विसरायला लावलं हे नक्की.

साडूकडे तेव्हा एक युरोपियन सेडान होती, नाव लिहीत नाही, उगाच कॉमेंटमध्ये युद्ध नको. तो म्हणाला जुनी लक्झरी गाडी म्हणजे पांढरा हत्ती, विकत घेताना स्वस्त पडतो आणि चाऱ्याला घर विकावं लागतं. मी म्हटलं अरे ती तुझ्या गाड्यांची गोष्ट, जपानी गाडीला काही होत नाही. झालं, लागली पैज.

सात-आठ महिने खरंच काही झालं नाही. मग एक दिवस सिग्नलला उभा असताना मागचा हॉर्न वाजवायला लागला, आरशात बघतो तर मागे सगळं पांढरं, सायलेन्सरमधून एवढा धूर की मागची गाडी दिसेना. आणि योगायोग बघा, शेजारच्या सीटवर साडू. तो लगेच म्हणाला "हेड गॅस्केट. इंजिन गेलं." म्हणजे आवाजात दुःख वगैरे काही नाही, बक्षीस लागल्यासारखा आवाज. (हेड गॅस्केट म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मधलं सील. ते गेलं की कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आत जाऊन जळतं आणि पांढरा धूर येतो.) गॅरेजवाल्यानेही धूर बघितला, मान हलवली आणि तेच सांगितलं, हेड गॅस्केट, इंजिन खोलायला लागेल, व्ही८ आहे म्हणजे दोन हेड. मी जवळजवळ हो म्हणून बसलो होतो.

आता हे नीट वाचा कारण एलएस ४०० घेतलीत तर तुमच्यावर हीच वेळ येऊ शकते. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं की पावर स्टिअरिंगचा पंप इंजिनवर लोड टाकतो, आरपीएम पडू नये म्हणून त्या पंपावर एक बारका व्हॉल्व्ह दिलाय जो तेवढ्यापुरती इंजिनला थोडी जास्त हवा देतो. त्याचे बारीक रबरी पाइप इनटेककडे, म्हणजे इंजिन हवा ओढतं तिकडे जातात. व्हॉल्व्ह म्हातारा झाला की हवेबरोबर पंपातलं तेल पण त्या पाइपातून इंजिन ओढून घेतं आणि जाळतं, आणि ते जळतं पांढरंशुभ्र. दिसायला हुबेहूब हेड गॅस्केट. फरक एवढाच की कूलंट कमी होत नाही, पावर स्टिअरिंगचं तेल कमी होतं. माझं कूलंट एका थेंबाने कमी झालं नव्हतं आणि हे ना मी बघितलं, ना त्या गॅरेजवाल्याने, ना आमच्या तज्ज्ञ साडूने.

वाचवलं एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी. त्यांच्याकडे मी दुसरं मत घ्यायला गेलो पण नव्हतो, टायर बदलायला थांबलो होतो. धूर बघून त्यांनी तो पाइप उपसला, आत बोट घातलं, बोट लाल. या पंपात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच तेल असतं आणि ते लाल असतं. पाइपाच्या तोंडात एक बोल्ट कोंबला, म्हणाले अर्धा तास चालवून या, आत साठलेलं जळून जाऊ दे. अर्ध्या तासाने धूर गायब. दोन हेड खोलायला निघालेल्या गाडीचा इलाज एक बोल्ट! मी त्याच रस्त्यात साडूला फोन लावला आणि जे काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मी हिरो. पण काकांनी निघताना सांगितलं होतं की पंप खालूनही ठिबकतोय, सील गेलंय, आणि त्याच्या बरोब्बर खाली बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आहे, तेल त्याच्यात जातंय, महिन्या-दोन महिन्यांत करून घ्या. आणि मी काय म्हणालो असेन? "बघू हो, जपानी आहे, काही होत नाही."

चार महिन्यांनी रात्री, हायवेला, धो धो पाऊस, मागे बायका-मुलं, शेजारी परत साडू (हा माणूस माझ्या गाडीत बसला की काहीतरी होतंच, पण ते जाऊ दे). आधी बॅटरीचा दिवा, मग वायपर झोपल्यासारखे हलायला लागले, मग हेडलाइट पिवळे पडत पडत मेणबत्तीएवढे. एसी बंद, रेडिओ बंद, मागची काच तापवायची तार बंद, सगळं बंद करून बॅटरीच्या जिवावर आठ-दहा किलोमीटर रेटली आणि एका पेट्रोल पंपावर जाऊन मेली. टो ट्रक यायला दोन तास. त्या दोन तासांत साडू एकच वाक्य बोलला, "काही होत नाही ना?" आणि चहाचा ग्लास माझ्या हातात दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तर आता उत्तर. यात गाडीची चूक काडीची नाही. वीस वर्षं जुनं रबर ठिबकणारच, ते कुठल्याही देशात बनलेलं असो. चूक त्या वाक्याची. "काही होत नाही" म्हणत लोक या गाड्या वापरत राहतात, तीन मालक एकामागून एक टायमिंग बेल्ट बदलायचं पुढे ढकलतात, आणि चौथा तुम्ही असता. आणि हो, अमेरिकेत एका मोटार पत्रकाराच्या १९९६ च्या एलएस ४०० ने दहा लाख मैल पूर्ण केले, म्हणजे सोळा लाख किलोमीटर, हे मीही सगळ्यांना सांगत फिरायचो. पण ती काही देवाच्या कृपेने नाही गेली तिथपर्यंत, एवढ्या अंतरात कोणी ना कोणी पार्ट बदलत होतं.

एलएस घेणार असाल तर टायमिंग बेल्टचा कागद मागा, दीड लाख किलोमीटरच्या जरा आतच तो बदलायचा असतो, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो त्यामुळे दोन्ही एकदम करा, वेगळं करणाऱ्याला गॅरेजात पाय ठेवू देऊ नका. सुरुवातीच्या गाड्यांत बेल्ट तुटला तर गाडी नुसती बंद पडते, १९९८ पासूनच्या व्हीव्हीटी-आय (व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणाऱ्या) इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात, तेव्हा तिथे चान्स घ्यायचाच नाही. सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, इनटेकच्या खाली सिलिंडरच्या दोन रांगांच्या मध्ये लपवलाय, पार्ट साधा पण मजुरी मोठी. माझ्यासारखी नव्वदच्या सुरुवातीची असेल तर इसीयूतले, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधले कपॅसिटर गळतात, गाडी कारण नसताना विचित्र वागायला लागली तर सेन्सर बदलत बसण्याआधी तो डबा उघडून बघायला सांगा, जाणकार इलेक्ट्रॉनिक्सवाला नवे सोल्डर करून देतो. पुढच्या चाकांच्या सस्पेन्शनचे खालचे बॉल जॉइंट बघा. बाकी इंजिन आणि गिअरबॉक्स तुमच्या नंतरही चालतील.

एस२००० चालवायला मिळालीय, मालकीची नव्हती, त्यामुळे तेवढ्यापुरतंच बोलतो. दोन लिटरचं टर्बो नसलेलं इंजिन आणि ९००० आरपीएमची लाल रेघ, सहा हजारांच्या खाली ती एक नाजूक सिव्हिकच वाटते आणि वर गेली की अंगावर काटा येतो. पण म्हणूनच आधीच्या मालकाने ती कशी वापरली यावर सगळं आहे. वर ताणून चालवली की तेल खाते, डिपस्टिक दर टाकीला बघायची. टायमिंग चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा खडखडाट ऐकायला थंड इंजिनवर जा, मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर परत दुसऱ्या दिवशी जा. छताचं कापड बघा. आणि रोज वापरायची म्हणताय तर मागे सीटच नाहीये हे घरी सांगितलंत का?

आरएक्स-८ स्वस्त आहे कारण ती स्वस्तच असायला पाहिजे. राग येईल काही जणांना, येऊ दे. तिच्यात रोटरी इंजिन आहे, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात. ते तेल जाळतं ते बिघाड म्हणून नाही, मुद्दाम आत तेल सोडलेलं असतं सील ओले ठेवायला. हे न कळलेल्या मालकाने तेल घातलं नाही की एपेक्स सील, म्हणजे रोटरच्या टोकांवरचे सील, संपले. थंड गाडी चालू करून नुसती जागेवरून हलवली आणि लगेच बंद केली तर इंजिन पेट्रोलने भरून बसतं, परत चालूच होत नाही. नेहमीच्या मीटरने कॉम्प्रेशन, म्हणजे आत किती दाब तयार होतो ते, कळत नाही, रोटरीचं वेगळं मशीन लागतं जे प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचे आकडे देतं. ते सहा आकडे कागदावर आणि गरम इंजिन पहिल्या सेल्फला चालू होणं, एवढं दाखवलं तरच पुढे बोला. पण चालवायला काय गाडी आहे, ते मात्र मान्य.

जपानमधून आणलेली असेल तर ऑक्शन शीट, म्हणजे तिथल्या लिलावातला गाडीच्या तपासणीचा कागद, मागा आणि त्यावरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा, शीटवर ग्रेडच्या जागी आर असेल तर मोठी दुरुस्ती झालेली आहे. आर म्हणजे टाकाऊ असं नाही, पण मग काय दुरुस्त केलं ते कळलं पाहिजे.

खर्च किती ते तुम्ही विचारलंत आणि मी सांगितलं नाही, कारण आकडा सांगणारा खोटं बोलतो. मी एवढंच सांगेन की गाडीच्या किमतीएवढे नाही पण तिच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे पैसे पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. हा माझा हिशोब, शास्त्र नाही. माझ्या साडूचा हिशोब वेगळा आहे, त्याने या अकरा वर्षांत तीन नव्या गाड्या घेतल्या आणि प्रत्येक वेळी विकताना जे नुकसान झालं त्याला तो खर्च म्हणतच नाही, त्याला तो "अपग्रेड" म्हणतो. माझ्या गाडीत पंप, अल्टरनेटर, बेल्ट दोनदा, रेडिएटर, बॉल जॉइंट आणि ते कपॅसिटर, एवढं झालं, आणि टो ट्रकवर चढली ती फक्त त्या एका रात्री. पांढरा हत्ती कुणाच्या दारात बांधलाय तुम्हीच ठरवा.

हो, एक राहिलं आणि हे खरं तर वर लिहायला हवं होतं. एस२००० आणि आरएक्स-८ दोन्ही ताकाता कंपनीच्या एअरबॅग रिकॉलमध्ये होत्या (त्या एअरबॅग उघडताना फुटून धातूचे तुकडे उडू शकतात म्हणून परत बोलावल्या होत्या), चेसिस नंबर टाकून काम झालंय का ते बघितल्याशिवाय चालवू पण नका, ट्रायलला सुद्धा नाही. टायरवरची तारीख वाचा, कमी चाललेल्या गाड्यांचे टायर नक्षी शाबूत असतानाच दगड झालेले असतात. आणि जवळपास या गाड्या ओळखणारा मिस्त्री नसेल तर माझं वरचं सगळं सोडून द्या, नवी कोरोला घ्या, मी गंभीरपणे बोलतोय.

गेल्या महिन्यात साडू घरी आला होता, बऱ्याच वर्षांनी म्हणाला दाखव रे तुझं ते नाणं. मी ऐटीत बोनेट उघडलं, इंजिन चालू केलं, नाणं कडेवर उभं केलं. दोन सेकंद राहिलं आणि पडलं. परत ठेवलं, परत पडलं. इंजिन माउंट, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार, गेलेत, त्यात तेल असतं ते कधीतरी गळून जातंच. त्याच रात्री ऑर्डर केले. त्याला मी सांगितलं की जमीन सपाट नव्हती.