आणीबाणीत राज्याचे पोलीस फक्त हुकूमच पाळत होते का?

प्रश्न: आमच्याकडे यावरून जोरदार वाद झाला. काका म्हणतात आणीबाणीत पोलिसांना दोष देऊन काय उपयोग, दिल्लीहून ऑर्डर यायची आणि ते पाळायचे. खरंच त्यांच्या हातात काहीच नव्हतं का? आणि आज आणीबाणी लागली तर परत तेच होणार का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: काकांना केरळची राजन केस सांगा. मिसा, म्हणजे खटला न चालवता स्थानबद्ध करायच्या कायद्याखाली माणसं विनाचौकशी आत टाकायचं धोरण दिल्लीचं होतं हे मान्य, येरवडा, नाशिक रोडचे तुरुंग त्यातूनच भरले. पण मिसालासुद्धा लेखी आदेश लागायचा, आणि मारहाण करायची परवानगी तर त्या कायद्यातही कुठे नव्हती.

28 फेब्रुवारी 1976 ला नक्षलवाद्यांनी कायण्णा पोलीस स्टेशनवर हल्ला केला. 1 मार्चला पोलिसांनी कालिकतच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजमधल्या राजन या विद्यार्थ्याला उचललं आणि कक्कयमला क्राइम ब्रँचच्या कॅम्पवर नेलं, प्रमुख होते डीआयजी जयराम पडिक्कल. तिथे 'उरुट्टल' चालायचं, म्हणजे माणसाला बाकावर बांधून जड लाकडी मुसळ मांड्यांवरून दाबत फिरवायचं. राजन त्या कॅम्पमधून परत आलाच नाही. त्याच्या अटकेची कुठे नोंद नाही, मिसाचा आदेश नाही, काहीच नाही! सांगा आता, यातली दिल्लीची ऑर्डर कोणती?

वडील ईचर वारियर हिंदीचे प्राध्यापक, ते अधिकाऱ्यांकडे, मंत्र्यांकडे वर्षभर खेटे घालत राहिले. कोर्टात जावं तर एप्रिल 1976 मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलेलं की आणीबाणीत हेबियस कॉर्पस, म्हणजे ताब्यातल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा असा आदेश, मागता येणार नाही, पाचपैकी एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात गेले. मार्च 1977 मध्ये आणीबाणी उठली आणि वारियर लगेच केरळ हायकोर्टात गेले. सरकार तिथेही म्हणालं की राजनला आम्ही पकडलंच नव्हतं, पण कॉलेजच्या प्रिन्सिपलनी मुलाला पोलिसांनी नेल्याचं वडिलांना तेव्हाच पत्राने कळवलेलं होतं. त्या पत्राचं मोल मला फार वाटतं, कारण त्या काळात असं लिहून द्यायलाही हिंमत लागत होती. कोर्टाने सरकारवर विश्वास ठेवला नाही, मुलाला हजर करा म्हणाले, मग सरकारला तो कोठडीत मेल्याचं कबूल करावं लागलं. आणीबाणीत केरळचे गृहमंत्री असलेले करुणाकरन तेव्हा नुकतेच मुख्यमंत्री झाले होते, त्यांना महिन्याभरात राजीनामा द्यावा लागला. मृतदेह मात्र कधीच मिळाला नाही.

म्हणजे हुकूम पाळणं वेगळं आणि आता विचारणारं कोणी नाही म्हणून हात मोकळे सोडणं वेगळं. कक्कयमला हे दुसरं झालं आणि त्याची जबाबदारी राज्याच्या पोलिसांची आणि त्यांच्या गृहखात्याचीच.

आजचं विचाराल तर 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने कलम 20 (गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचं संरक्षण) आणि 21 (जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) आणीबाणीतही स्थगित करता येत नाहीत. त्यामुळे घरचा माणूस पोलिसांनी नेला आणि पत्ता लागत नसेल, तर आणीबाणी असली तरी हायकोर्टात हेबियस कॉर्पस दाखल करता येतं.