ग्रामसभेत कोण बोलणार?

बाये,

मजुरांच्या वस्तीवरचं पाडकाम थांबवण्यासाठी तू केलेला मसुदा वाचला. पणजीच्या आझाद मैदानावर सभा, मुंबईहून दोन वक्ते, 'बुलडोझर थांबवा'चा फलक. तुझा उत्साह टिकून राहो. पण त्या सभेला येणार कोण, हे तुलाही ठाऊक आहे. आपलीच पन्नास-साठ माणसं, सगळी आधीपासून एका मताची. वस्ती उठावी असं ज्यांना मनापासून वाटतं, ते पणजीला यायचे नाहीत. ते त्याच गावात, वस्तीपासून हाकेच्या अंतरावर राहतात. तुला बोलायचंय ते त्यांच्याशी.

आधी त्यांचं ऐकून घे. 'गावची जमीन गेली' ही तक्रार खोटी नाही. कोमुनिदादची जमीन म्हणजे गावकऱ्यांची सामाईक मालमत्ता, आणि ही व्यवस्था पोर्तुगीज येण्याआधीपासूनची. त्यांच्या डोळ्यांदेखत डोंगर कापले गेले, शेतं बुजवली गेली, दिल्ली-मुंबईवाल्यांचे बंगले उठले. बंगल्याच्या फाटकावर रखवालदार असतो, म्हणून सगळा राग पत्र्याच्या घरावर निघतो. वस्तीतल्यांना हिणवणारा 'घाटी' हा शब्द कानावर पडला की तू उसळतेस, ते बरोबरच आहे. पण तिथेच भांडण काढून परत आलीस, तर पुढच्या वेळी दार उघडणार नाही.

त्यांना एकच विचार, जमीन विकली कोणी? कोमुनिदादची जमीन कुणा एकट्याला अशी विकता येत नाही. तरीही बागलकोटहून किंवा गदगहून आलेल्या गवंड्याने रोख पैसे मोजून नोटरीचा शिक्का असलेला कागद घेतलेला असतो. पैसे घेणारा बहुतेक वेळा इथलाच असतो. पुढे घरपट्टी लागते, वीज येते, निवडणूक जवळ आली की मतदार यादीत नावंही चढतात. घर पडायची वेळ आली की मात्र दलाल कुणाला दिसत नाही. पैसे गेले गवंड्याचे, जमीन गेली गावाची. या प्रश्नावर गावातला म्हातारा गावकर आणि वस्तीतला गवंडी एका बाकावर बसू शकतात. मोर्चाने हे होत नाही. ओसरीवर बसून, चहा पिऊन, कधी अपमान गिळून होतं.

वस्तीतलं काम वेगळं आहे आणि कंटाळवाणं आहे. प्रत्येक घराची एक फाईल कर. सर्वात जुनं वीजबिल, घरपट्टीच्या पावत्या, मुलांचे शाळेचे दाखले, रेशनकार्ड, तो नोटरीचा कागद. घरपट्टी भरली म्हणून कुणी मालक होत नाही, हे लोकांना पहिल्याच दिवशी स्वच्छ सांग. खोटी आशा दाखवणारे पुढारी त्यांना भरपूर भेटलेत. पण कोण कधीपासून राहतं हे या कागदांतूनच उभं राहतं, आणि पुनर्वसनाची मागणी त्यावरच टिकते.

कायद्याचंही तसंच. तुझ्या मसुद्यात ओल्गा टेलिस खटल्याचा उल्लेख विजय म्हणून आलाय. १९८५चा तो निकाल नीट वाच. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो असं न्यायालयाने म्हटलं, आणि फुटपाथवरच्या लोकांना पावसाळ्यानंतर हटवायची मुभाही दिली. सर्वोच्च न्यायालयाचा बुलडोझरबद्दलचा १३ नोव्हेंबर २०२४चा निकालही अर्धाच सांगितला जातो. १५ दिवसांची नोटीस, म्हणणं मांडायची संधी, पाडकामाचं चित्रीकरण, हे सगळं त्यात आहे. पण रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्ग, नदी-तलाव यांवरच्या बांधकामांना आणि जिथे न्यायालयानेच पाडायचा आदेश दिलाय तिथे हे संरक्षण लागू नाही. गोव्यात बरीच पाडकामं उच्च न्यायालयाच्याच आदेशावरून होतात. म्हणून नोटीस दारावर चिकटण्याआधी, मूळ अर्ज सुनावणीला असतानाच वकील उभा राहायला हवा. १९८७च्या विधी सेवा कायद्याखाली बायकांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. वस्तीत हे कुणालाच माहीत नसतं.

वास्कोच्या बायण्याचं प्रकरण तुझ्या पिढीला ऐकूनच माहीत. २००४च्या जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, किनाऱ्यावरची वस्ती पाडली. वेश्याव्यवसाय बंद करायचा होता, त्यात त्या धंद्याशी संबंध नसलेल्या मजुरांची घरंही गेली. धंदा संपला नाही. बायका गोवाभर विखुरल्या आणि त्यांच्यापर्यंत पोचणं आधीपेक्षा अवघड झालं. 'वस्ती हटवली की प्रश्न सुटतो' असं कुणी म्हणालं, तर भाषण करू नकोस, बायण्याचं काय झालं ते सांग.

दुसरी भीती अलीकडची आहे. बंगाली बोलणाऱ्या मजुराला बांगलादेशी ठरवून उचलायची. परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्यात आपण परके नाही हे सिद्ध करायचं ओझं त्या माणसावरच असतं. १९४६च्या कायद्यात तसं होतं, २०२५च्या नव्या कायद्यातही तसंच आहे. जून २०२५मध्ये बीरभूमच्या एका गरोदर बाईला दिल्लीतून उचलून सीमेपलीकडे ढकललं. प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा कुठे डिसेंबरात ती परत आली. तुझ्या वस्तीत मालदा-मुर्शिदाबादचे गवंडी असतील, तर त्यांच्या गावातली कागदपत्रं आजच मागवून घे. आईवडिलांची जुनी मतदार यादी, जमिनीचा उतारा, शाळेचा दाखला. कुणी खरोखरच बांगलादेशातून आलेला असला, तरी त्याला वकील आणि सुनावणी मिळालीच पाहिजे. हे वाक्य टाळ्या मिळवत नाही. तरी मसुद्यातून गाळू नकोस.

गावकऱ्यांना त्यांच्या पूर्वजांची आठवण करून द्यावी का, असं तू विचारलंयस. युगांडातून १९७२मध्ये ९० दिवसांत बाहेर काढलेले गोंयकार, मुंबईतल्या कुडींत, म्हणजे गोंयकारांच्या सामाईक खोल्यांत, राहून बोटीवर नोकरी शोधणारे, हे सगळं खरं आहे. पण 'तुम्हीही कधी परके होतात' असं तोंडावर फेकलंस तर माणूस दुखावतो. प्रसंग ओळखून बोल. झुआरीनगरची वस्ती सांकवाळ गावात येते. त्याच सांकवाळचा देव लक्ष्मीनृसिंह, पोर्तुगीज काळात गोव्यातल्या साष्टीतली देवळं पाडली गेली तेव्हा, १५६७च्या सुमारास, नदीपलीकडे वेलिंगला नेला गेला, आणि अजून तिथेच आहे. तिथल्या जुन्या घरात बसलीस तर ही गोष्ट तू काढू नकोस. वेलिंगच्या जत्रेचा विषय निघाला की तेच काढतील. नंतरची पाच मिनिटं गप्प राहा.

आणि सभेचं म्हणशील तर ती पुढे ढकल. ग्रामसभा रविवारी असते आणि तिथे मतदारालाच बोलता येतं. तेव्हा वस्तीतली एखादी अशी बाई शोध जिचं नाव त्या गावच्या यादीत आहे, जी कोंकणी बोलते, आणि जिने जमिनीचे पैसे कुणाला दिले हे उभं राहून सांगायची तिची तयारी आहे. तिच्या शेजारी बसायला गावातलं एक तरी माणूस मिळव. तू मागच्या रांगेत बस. बोलायला उठू नकोस, इतिवृत्तात तिचं म्हणणं नीट लिहिलं जातंय की नाही तेवढं बघ आणि त्याची प्रत मागून घे.

तुझा,
काका