मजरे म्हणजे मजुरांची वस्ती नव्हे

कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्यात मौजे कार्वे आणि मजरे कार्वे अशी दोन गावे आहेत. त्यांच्या नावांतील फरक कोणता आणि मजरे म्हणजे मजुरांची वस्ती हे खरे का, असे एका वाचकाने विचारले आहे. हे मुळीच खरे नाही, आणि गावांच्या माहितीत ही व्युत्पत्ती पुन्हा पुन्हा छापली जाते याचा मला राग येतो. ‘मजूर’ हा फारसी शब्द असून त्यात मजुरीवाचक ‘मुज्द’ आहे. ‘मजरा’ अरबी आहे, आणि या दोहोंचा परस्परांशी काहीही संबंध नाही. ‘मौजे’चा मौजेशी संबंध जोडणारेही तितकेच चुकतात, कारण ती मौज म्हणजे मुळात अरबीतील लाट, तर ‘मौजा’ म्हणजे ठिकाण, महसुली भाषेत गाव, आणि आपल्या हिशेबातील ‘वजा’ त्याच्याच धातूपासून आलेला आहे.

खरी गंमत मजऱ्यात आहे. मूळ अरबी ‘मज्रआ’ म्हणजे पेरणीची जागा, आणि त्याच धातूपासून ‘जिराअत’, म्हणजे आपली जिरायत जमीन, आली आहे. मशीद ही सजद्याची, म्हणजे नमाजात डोके टेकण्याची, जागा आणि मजलिस ही बसण्याची जागा, तशी मजरा ही पेरण्याची जागा. तुर्कांच्या उस्मानी (ऑटोमन) साम्राज्याच्या कर-नोंदींत वस्ती नसलेल्या पेरत्या जमिनीला याच शब्दाने ओळखत, आणि आजच्या तुर्कस्तानात गावाहून लहान वस्तीला ‘मेज्रा’ म्हणतात. शेत ते वस्ती हा अर्थाचा प्रवास आपल्याकडेही असाच झाला असावा, असे माझे ठाम मत आहे: मूळ गावापासून शेत लांब पडले की पेरणी-राखणीसाठी खोपी पडतात, पुढे बायकामुले येतात, देव बसतो, आणि महसुलाच्या कागदात मात्र ती वस्ती मूळ गावाच्या पोटातच राहते. मजऱ्याला केवळ ‘लहान वाडी’ म्हणून मोकळे होणारे अभ्यासक हा नांगराचा इतिहासच पुसून टाकतात.

‘मजरे’ हे अनेकवचन आहे, हाही एक गैरसमज आहे. ‘कसबे’, ‘सुभे’ यांच्याप्रमाणे त्यातील एकार हा फारसी संबंधदर्शक ‘-ए’चा अवशेष आहे, मजरे कार्वे म्हणजे कार्व्याचा मजरा. ते गाव आज स्वतंत्र नोंदले जात असल्यामुळे खरेदीखतात ‘मौजे मजरे कार्वे’ असे लिहिण्यात द्विरुक्ती नाही.