रोजगार निधी आला, तर वस्तीने काय मागावं?

दादा, तुमचा प्रश्न असा: महापालिकेला कौशल्य-रोजगारासाठी अनुदान मिळतंय, तर तांबापुरा, सुप्रीम कॉलनी अशा वस्त्यांतल्या बायापोरांना त्यातून खरंच काम लागावं म्हणून वस्तीस्तर संघाने (वस्तीतल्या बचत गटांच्या संघाने) कशाचा आग्रह धरावा? जळगावात समुदाय संघटक म्हणून बरीच वर्षं काढलीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी करारातली पैशाची अट वाचा. केंद्राच्या कौशल्य योजनांसाठीच्या 2015 च्या सामायिक निकषांत (कॉमन नॉर्म्स) प्रशिक्षण संस्थेला 30 टक्के रक्कम बॅच सुरू झाल्यावर, 50 टक्के परीक्षा पास झाल्यावर आणि उरलेले फक्त 20 टक्के पोरांना नोकरी लागल्यावर मिळायचे. म्हणजे प्रमाणपत्र वाटलं की 80 टक्के खिशात. मग संस्था पोरांना नोकरी लावायला कशाला धावेल? तुमच्या निधीच्या शासन निर्णयात ही विभागणी कशी आहे ते पहिलं बघा. नोकरीचा हिस्सा वाढवता येत असेल तर सगळा जोर तिथेच लावा. बाकी उद्घाटनं, बॅनर, टूलकिटवाटपाचे फोटो आपोआप होतात.

दुसरं, महिलांची टक्केवारी. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात (शहरी गरिबांसाठीची केंद्राची योजना) किमान 30 टक्के महिला हव्यात, शहरी गरिबांत अनुसूचित जाती-जमातींचं जेवढं प्रमाण तेवढा त्यांचा वाटा हवा, असं स्पष्ट होतं. कागदावर ते भरायचंही. पण कसं? सगळ्या बाया शिवणकाम आणि ब्यूटी पार्लरला, सगळे पुरुष इलेक्ट्रिशियन आणि मशीन ऑपरेटरला. एकूण आकडा बरोबर, पगार मात्र पुरुषांकडे. म्हणून शहराचा एकूण आकडा घेऊच नका, कोर्सनिहाय यादी मागा.

डाळमिलचं बघा ना. पूर्वी बायका ओळीने बसून डाळ निवडायच्या, खडा-काळा दाणा बाजूला काढायच्या. सॉर्टेक्स, म्हणजे रंगावरून दाणे निवडणारं मशीन आलं आणि ते काम गेलं. मशीनपुढे पोरगा उभा राहिला, बाई पॅकिंगला गेली नाहीतर घरी बसली. खरं तर दाण्याची पारख त्या बाईलाच जास्त. सॉर्टेक्सवर चार बाया शिकवा म्हणून मिलमालकाशी बोला, पण कोर्स ठरायच्या आधी. संस्था तिच्याकडे जो मास्तर आहे त्याचाच कोर्स लावते. त्यामुळे आधी एमआयडीसीत फिरा, चटई, पाईप, डाळ, तिन्हीकडे सुपरवायझरला विचारा की माणूस कुठे कमी पडतो आणि शिफ्ट किती तासांची.

शिफ्टवरच सगळं अडतं. आमच्याकडे हुशार पोरी प्रमाणपत्र घेऊन बसलेल्या. विचारलं की एकच उत्तर, "ताई, कामाले येऊ, पन पोराले कोन सांभायीन?" त्यात पिंप्राळ्याहून एमआयडीसीला रोजचं जाण्यायेण्याचं रिक्षाभाडं, आणि पहिला पगार हातात यायला महिना. केंद्राच्या त्याच 2015 च्या निकषांत नोकरी लागल्यावर दरमहा 1,450 रुपयांचा आधारभत्ता होता, आणि स्त्रियांना तो पुरुषांपेक्षा एक महिना जास्त मिळायचा; तुमच्या निधीत तसा काही आहे का ते विचारा. हे कोणी आपणहून सांगत नाही, मागावं लागतं. पाळणाघरासाठी महापालिकेच्या महिला व बालकल्याणाच्या 5 टक्के निधीकडे बोट दाखवा. तो दरवर्षी अंदाजपत्रकात असतोच. दिव्यांगांसाठीही 5 टक्के वेगळे आहेत.

"उद्योगांना 80 टक्के स्थानिक घ्यावेच लागतात" असं कोणी सांगेल, पण राज्याच्या त्या नियमावर फार विसंबू नका. त्यात महाराष्ट्राचा रहिवासी तो स्थानिक; सुप्रीम कॉलनीतला माणूस गेटबाहेर आणि लांबच्या जिल्ह्यातला आत, तरी नियम पाळलेलाच. म्हणून प्रभागाची अट निधीच्या करारात लिहून घ्या.

आणि महापालिका स्वतः केवढं काम ठेक्याने देते! सफाई, घंटागाडी, बागा. बागेच्या देखभालीचं छोटं काम बचत गटाला थेट मिळालं, तर सहा महिन्यांच्या कोर्सपेक्षा ते परवडलं. फक्त बिल वेळेवर निघेल का ते आधी लेखा विभागात विचारा. गटाकडे तीन महिने थांबायला भांडवल नसतं.

सध्या एवढं करा: मागच्या बॅचची कोर्सनिहाय यादी आणि तीन महिन्यांनंतर कोण कामावर टिकलं याची माहिती, असा लेखी अर्ज महापालिकेच्या नागरी उपजीविका कक्षाला द्या, पोच घ्या. नाही दिली तर माहितीचा अधिकार आहेच. यादी आली की नावं झाकून इथे टाका, गळती कुठे झाली ते बघू.